११ बाय १६ चा सोपा, ख्याल आणि नाट्यगीतं : ७० हजारांचा नवा ॲम्प-डॅक घालावा का?

शहापूर_सोपा

नमस्कार मंडळी. घर बेळगावच्या शहापुरातलं, जुन्या पद्धतीचं लांबोळकं. पुढचा सोपा, म्हणजे बैठकीची खोली, ११ फूट रुंद, १६ फूट लांब, उंची साडेनऊ, वर स्लॅब, खाली गुळगुळीत टाइल्स. दोन्ही लांब भिंती शेजाऱ्यांशी सामाईक.

सध्याचा सेट असा : ४० वॅटचा स्टीरिओ ॲम्प (ॲम्प्लिफायर), वय १५ वर्षं. साडेसहा इंची वूफरचे (खालच्या स्वरांच्या कोनचे) दोन बुकशेल्फ स्पीकर, ८ ओहम, सेन्सिटिव्हिटी ८७ डीबी (डेसिबल). स्पीकर आखूड भिंतीकडच्या शोकेसवर, मागे भिंतीला टेकलेले. बसायची गादी बरोबर समोरच्या आखूड भिंतीला लागून, जमिनीवर. गाणं लॅपटॉपच्या हेडफोन पिनमधून.

ऐकणं म्हणजे ख्याल, नाट्यगीतं, अभंग, आणि ७८ च्या तबकड्यांवरून उतरवलेल्या जुन्या प्रती. तक्रारी चार :

– तानपुऱ्याचा खर्ज आणि डग्गा घुमतो, बंदिशीचे शब्द त्यात बुजतात.
– कमी आवाजात डावा स्पीकर अधूनमधून गप्प होतो, आवाज वाढवला की परत येतो.
– लॅपटॉप चार्जरवर असला की बारीक घरघर.
– गवई समोर मधोमध बसलाय असं वाटतच नाही.

दुकानात सुचवलंय : ८० वॅटचा नवा ॲम्प ४५ हजार, वेगळा डॅक (लॅपटॉपमधल्या डिजिटल गाण्याचा ॲम्पला लागणारा सिग्नल करणारी पेटी) १८ हजार, स्पीकर वायर ७ हजार. एकूण ७० हजार. पैसे आहेत, पण वाया जायला नकोत. काय करावं?

काळी_एक

पैसे देण्याआधी एवढं बघा की तुमच्या चार तक्रारींपैकी वॅट वाढवून जाणारी एकही नाही. प्रत्येकीचं कारण वेगळं आहे. घुमण्यापासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त त्रास तिचाच.

बंद खोलीत समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये काही ठरावीक स्वर साठतात. हिशेब सोपा आहे : ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३४४ मीटर, त्याला खोलीच्या लांबीच्या दुपटीने भागायचं. १६ फूट म्हणजे ४.८८ मीटर. ३४४ भागिले ९.७६, म्हणजे ३५ हर्ट्झ. त्याची दुप्पट ७० हर्ट्झ. ११ फुटांच्या रुंदीतून ५१ हर्ट्झ येतो.

आता पुरुष गायकाचा षड्ज काळी एकचा (पेटीवरच्या पहिल्या काळ्या पट्टीचा) धरा. तो १३८.६ हर्ट्झ. तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या खालच्या सप्तकात, म्हणजे ६९.३ हर्ट्झ. तुमच्या खोलीचा ७० हर्ट्झचा साठा आणि काळी एकचा खर्ज जवळजवळ एकाच जागी पडतात. तार एकदा छेडली की खोली ती धरून ठेवते, आणि डग्ग्याची घुमकही त्याच आसपासची. बाईंचं गाणं लावा. पट्टी काळी चार किंवा पाच असेल तर खर्ज १०० हर्ट्झच्या वर जातो. घुमणं स्पष्ट कमी झालं तर दोष खोलीचा, हे पक्कं समजा.

भिंतीला टेकून बसलं की या साठ्याचा सगळ्यात जाड भाग कानाशी येतो, कारण भिंतीपाशी खोलीचे सगळे खालचे स्वर जास्तीत जास्त असतात. म्हणून पहिला उपाय फुकटचा : गादी मागच्या भिंतीपासून पुढे ओढा. नेमकी किती ते महत्त्वाचं आहे. ७० हर्ट्झ खोलीच्या पाव लांबीवर, म्हणजे भिंतीपासून बरोबर ४ फुटांवर, जवळजवळ नाहीसा होतो. तिथे बसलात तर खर्ज पोकळ वाटेल आणि तानपुरा नुसता वरच्या जवारीवर उरेल. ५ फुटांवर बसा. तिथे तो साधारण ८ डीबीने उतरतो, पण जागेवर राहतो. पाच-सहा इंच पुढे-मागे करून कानाने शेवटची जागा ठरवा.

स्पीकर शोकेसवरून खाली घ्या. शोकेसची फळी आणि काच स्वतः वाजते, आणि मागची भिंत खालचे स्वर आणखी फुगवते. स्पीकरचा मागचा भाग भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे, दोन स्पीकरांत साडेसहा ते सात फूट अंतर, तोंडं किंचित तुमच्याकडे वळवलेली. ट्वीटर (वरचे स्वर वाजवणारा छोटा स्पीकर) कानाच्या उंचीला. सोफ्यावर कान तीन फुटांच्या थोडे वर असतात, जमिनीवरच्या बैठकीत अडीच फुटांच्या आसपास. बाजारातले तयार स्टँड बहुतेक सोफ्याच्या मापाचे असतात, ते तुम्हाला उंच पडतील.

गवई मधोमध न दिसण्याचं एक कारण ध्रुवता, म्हणजे वायरीचं प्लस-मायनस, असू शकतं. एखादं मोनो (दोन्ही स्पीकरांत एकच आवाज असलेलं) ध्वनिमुद्रण लावा. ७८ च्या प्रती मोनोच असतात, त्या चालतील. ॲम्प बंद करून फक्त एका स्पीकरची लाल-काळी वायर उलटी करून ऐका. ज्या जोडणीत खालचा स्वर भरीव आणि आवाज ठाम मधोमध, ती बरोबर. १५ वर्षांत वायर केव्हातरी उलटी लागली असणं फार सहज घडतं.

उद्यमबाग_रिपेर

डावा चॅनल कमी आवाजात जातो आणि वाढवला की येतो, हे लक्षण आउटपुट रिलेचं, म्हणजे ॲम्पमधून स्पीकरला आवाज जोडणाऱ्या आपोआप चालणाऱ्या स्विचचं. आतल्या संपर्कावर काळा थर बसतो. कमी व्होल्टेजला तो थर तोडता येत नाही, आवाज वाढला की तुटतो आणि चॅनल परत येतो. ॲम्प मेलेला नाही. खरं आधी खात्री करून घ्या, दोन अदलाबदलींत कळतंय :

१. ॲम्पच्या मागे येणाऱ्या लाल-पांढऱ्या पिना आपसात बदला. गप्प होणं उजव्या स्पीकरला गेलं तर दोष लॅपटॉपचा किंवा त्या केबलचा.
२. डावीकडेच राहिलं तर पिना पूर्वीसारख्या करा आणि ॲम्पच्या स्पीकर टर्मिनलवर डाव्या-उजव्या वायरी बदला. आता उजवा स्पीकर गप्प व्हायला लागला तर दोष ॲम्पमध्ये. डावाच गप्प तर स्पीकर किंवा त्याची वायर.

ॲम्पमध्ये निघाला तर उघडण्याआधी व्हॉल्यूमचा नॉब आणि स्पीकर ए-बी बटण वीस-तीसदा फिरवून-दाबून बघा. खरखर होऊन चॅनल येत-जात असेल तर ते दोन भाग कॉन्टॅक्ट क्लीनरने सुटतील. प्लग काढून, दोन फवारे, तीसदा फिरवणं, अर्धा तास वाळू देणं. गंज सोडवायचा तेलकट स्प्रे वापरू नका, कार्बनच्या पट्टीवर तो चिकट थर धरतो.

नॉब स्वच्छ असूनही चॅनल जात असेल तर रिलेच बदलायचा. कॉइलचं व्होल्टेज (१२ की २४, वरच छापलेलं असतं), संपर्काचे अँपिअर आणि पायांची मांडणी तीच हवी. जुन्या रिलेचे संपर्क सॅंडपेपरने घासायचा मोह होतो, तो आवरा. मुलामा निघून जातो आणि सहा महिन्यांत तीच तक्रार. पार्ट स्वस्त आहे, पैसे लागतात ते उघडून डाग देण्याच्या कामाचे.

त्याच वेळी मेकॅनिककडून दोन मापं घ्या. स्पीकर काढून, गाणं न लावता, स्पीकर टर्मिनलवर डीसी व्होल्टेज : ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर निर्धास्त. १०० च्या वर असेल तर आधी तो दुरुस्त करायचा, नाहीतर वूफरची कॉइल सतत एका बाजूला ढकललेली राहते. दुसरं, हीटसिंकजवळचे कपॅसिटर. वरचं टोपण फुगलंय का, पायाशी चिकट ओल आहे का. गाणं न लावताही स्पीकरमधून १०० हर्ट्झची गुंग येत असेल तर पॉवर सप्लायचे मोठे कपॅसिटर सुकलेत. स्वतः उघडणार असाल तर प्लग काढून दहा मिनिटं थांबा आणि त्या मोठ्या कपॅसिटरांवर मीटर लावून व्होल्टेज ५ च्या खाली आल्याशिवाय आत बोट घालू नका.

घरघरीचं सांगतो. लॅपटॉप नुसत्या बॅटरीवर चालवून बघा. घरघर थांबली तर ती चार्जरमधून ॲम्पच्या ग्राउंडला मिळणाऱ्या वाटेची. १८ हजारांचा डॅक यूएसबीने लावला तरी ती तशीच राहू शकते, कारण यूएसबीच्या वायरीतूनही ग्राउंड जातोच. लॅपटॉप आणि ॲम्प एकाच बोर्डावर घ्या. नाही गेली तर लॅपटॉप आणि ॲम्पच्या मधे ऑडिओचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाका. प्लगची अर्थिंगची पिन कापायची नाही. कोणी सुचवलं तरी नाही.

स्टँडसाठी इथे उद्यमबागेत फॅब्रिकेशनवाल्याला सांगा : ३ इंची चौकोनी पाइप, खाली १२ बाय १२ इंचाची ६ मिमी प्लेट, वर स्पीकरच्या मापाची प्लेट. उंची अशी काढा की स्पीकर ठेवल्यावर ट्वीटर अडीच फुटांवर येईल. पाइपात वाळू भरायला वरून भोक आणि टोपण ठेवायला सांगा. फाउंड्र्यांच्या गावात वाळूची अडचण नाही, खरं ती तव्यावर भाजून कोरडी करून घ्या, नाहीतर पाइप आतून गंजतो. स्पीकर आणि प्लेटच्या मधे चार कोपऱ्यांना रबराचे तुकडे.

निपाणी_स्टीरिओ

वरचं बरंचसं पटतं, पण "नवा ॲम्प नकोच" असं सरसकट म्हणणं मला मान्य नाही. दुरुस्तीत रिले, कपॅसिटर, नॉब असं एकामागून एक निघत गेलं तर १५ वर्षांच्या यंत्रावर किती घालायचं हा प्रश्न येतोच. माझ्या मते नव्याच्या किमतीच्या चौथाईपर्यंत ठीक, पुढे नव्याचा विचार करावा.

नवा घेतलाच तर वॅटकडे न बघता जोडण्यांकडे बघा. टीव्हीचा आवाज घेणारा एचडीएमआय एआरसी आहे का, ऑप्टिकल (प्रकाशाने आवाज नेणाऱ्या वायरीची जोडणी) आहे का, सबवूफरची (फक्त खालच्या स्वरांच्या स्पीकरची) वेगळी पिन आहे का, आणि आत डॅक आहे का. आता बऱ्याच ॲम्पमध्ये डॅक असतोच, मग वेगळ्या १८ हजारांना अर्थ राहत नाही. टीव्ही ऑप्टिकलने जोडला तर त्या वायरीत ग्राउंड नसतो, त्या बाजूची गुंगही जाते. ब्लूटूथवर टीव्ही लावू नका, ओठ आणि आवाज जुळत नाहीत.

सर्व्हिस सेंटर कुठे आहे तेही विचारा. बेळगावात नसेल तर हुबळी किंवा कोल्हापूर, म्हणजे शंभर किलोमीटरच्या आसपास, आणि दहा-बारा किलोचा ॲम्प नेऊन आणायचा. मूळ खोका आणि आतले थर्माकोल सांभाळून ठेवा. जुना जपानी माल कुणी स्वस्तात देत असेल तर मागची पट्टी वाचा. जपानच्या घरगुती बाजारातला सेट १०० व्होल्टवर चालतो, आपल्या २३० ला सरळ लावला तर जळतो.

फक्त एक शंका : ४० वॅट अशा खोलीला पुरतात का? ख्यालात सम गाठताना एकदम उसळी येते.

काळी_एक

पुरतात. आकडे मांडून बघा.

८७ डीबी म्हणजे १ वॅट दिला तर १ मीटरवर ८७ डीबी. तुमच्या बैठकीपर्यंत अडीच-पावणेतीन मीटर अंतर, बंद खोलीत साधारण ६ डीबी घट धरा. दोन स्पीकर, म्हणून ३ डीबी परत मिळवा. बैठकीवर ८४ डीबी झाले, चॅनलला फक्त १ वॅटमध्ये. घरात निवांत ऐकायची सरासरी ७२ डीबी असते. म्हणजे तुम्ही वॅटचा सोळावा भाग वापरताय. त्यावर २० डीबीची उसळी धरली तर ९२ डीबी, त्याला ६ ते ७ वॅट लागतात. ४० मधले तेहेतीस पडूनच आहेत.

४० चे ८० केले की वाढ मिळते ३ डीबी. आवाज दुप्पट वाटायला १० डीबी लागतात, म्हणजे दहापट वॅट. सामाईक भिंतींच्या घरात तो दुप्पट आवाज लावताही येणार नाही.

मोठा ॲम्प लागतो तो स्पीकर ४ ओहमचा आणि ८२-८३ डीबीचा असला, किंवा हॉल २० बाय ३० चा असला तर. कमी आवाजातही ॲम्प चटका बसेल इतका तापणं, किंवा जोरात लावल्यावर प्रोटेक्शन टक्कन पडणं, ही त्याची लक्षणं. तुमच्या यादीत दोन्ही नाहीत.

वायरीचे ७ हजार तर अजिबात देऊ नका. १.५ चौरस मिमीच्या तांब्याच्या वायरीचा रोध मीटरला १२ मिलिओहम. ५ मीटर अंतर, जाऊन-येऊन १० मीटर, एकूण ०.१२ ओहम. ८ ओहमच्या स्पीकरपुढे ही घट ०.१३ डीबी आहे, कानाला कळत नाही. इलेक्ट्रिकच्या दुकानातली दोन कोअरची फ्लेक्सिबल तांब्याची वायर घ्या. अंतर १० मीटर असेल तर २.५ ची.

अब्दुल करीम खाँसाहेबांच्या (मृत्यू १९३७) ७८ च्या तबकड्यांत जे पकडलं गेलं त्याहून जास्त कुठलाही डॅक देणार नाही. तिथे फरक पडतो तो कुठल्या प्रतीवरून आणि किती काळजीने उतरवलंय त्याचा. एकाच बंदिशीच्या दोन-तीन वेगळ्या प्रती शोधून ऐका. खरखर काढताना जवारी आणि श्वासही खरवडून टाकलेल्या प्रती पुष्कळ फिरतात. सुळेभावीत १९२४ ला जन्मलेले कुमार गंधर्व आपल्याच जिल्ह्यातले. त्यांच्या गाण्यात एक फेक संपून दुसरी सुरू होताना मधली जी शांतता असते, ती अशा प्रतीत बोथट होते. सगळ्यात स्वस्त अपग्रेड चांगली प्रत.

जांबोटी_पाऊस

आमच्या बाजूच्या हवेबद्दल थोडं. स्पीकरच्या कडेला फोम आहे की रबर ते बोटाने हलकेच दाबून बघा. आपल्याकडच्या दमट हवेत जुना फोम चिकट होऊन भुगा होतो, रबर टिकतं. फोम गेला असेल तर नुसती कड बदलून मिळते, स्पीकर टाकायचा नाही. नवा स्पीकर घेताना रबराची कड मागा.

पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीपासून स्पीकर निदान अर्धा फूट लांब, झाकायला सुती कापड. प्लॅस्टिक घालू नका, ओल आत कोंडते आणि कागदी कोनवर बुरशी येते. आठवड्यातून दोनदा अर्धा तास ॲम्प चालू ठेवा.

एप्रिल-मेच्या वळवात गडगडाट सुरू झाला की प्लगबरोबर केबलची किंवा डिशची वायरही काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही.

लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर ऐकत असाल आणि तो स्क्वेअर वेव्हचा असेल तर ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो आणि तापतो. तो ॲम्पचा दोष समजून कोणी ॲम्प बदलू नये. संध्याकाळी मीटर लावून एकदा व्होल्टेजही बघा. २०७ ते २५३ च्या आत असेल तर स्टॅबिलायझरची गरज नाही.

शहापूर_सोपा

सगळ्यांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे केलं : गादी ५ फूट पुढे आणल्यावर खर्ज मोकळा झाला, शब्द कळतात. उजव्या स्पीकरची वायर उलटी होती, ती बदलली. टर्मिनलवरच्या अदलाबदलीत दोष ॲम्पकडे आला आणि नॉब स्वच्छ आहे, म्हणजे रिलेच. लॅपटॉप बॅटरीवर घरघर शून्य.

आता एक उरलंय : तार षड्जाच्या वर आवाज जरा कर्कश लागतो, "स" आणि "श" टोचतात. टाळी वाजवली की भिंतींतून टर्रर असा आवाज येतो. २५ हजारांपर्यंत घालायची तयारी आहे. स्पीकर बदलू का?

काळी_एक

आधी ती टर्रर काढा. दोन गुळगुळीत सामाईक भिंतींमध्ये आवाज चेंडूसारखा आपटतोय, आणि टोचणं बहुतेक तिथूनच येतंय.

गादीवर बसा, दुसऱ्या माणसाला बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवत न्यायला सांगा. आरशात जिथे स्पीकरचा ट्वीटर दिसेल तिथे खडूची खूण. प्रत्येक भिंतीवर दोन्ही स्पीकरांच्या मिळून दोन खुणा येतील, त्यातली जवळच्या स्पीकरची महत्त्वाची. तिथे दगडी लोकरीची ५० मिमी जाड, घनमीटरला ४८ किलो घनतेची, २ बाय ४ फुटांची पाटी लाकडी चौकटीत घालून, घट्ट सुती कापड मढवून, भिंतीपासून २ इंच सोडून टांगा. मागची फट महत्त्वाची आहे, तिने पाटी आणखी खालच्या स्वरांपर्यंत काम करते. लोकर हाताळताना हातमोजे आणि तोंडाला फडकं. अंड्याचे ट्रे किंवा अर्धा इंची फोम चिकटवू नका, ते फक्त अगदी वरचे स्वर खातात आणि उरलेला आवाज कोंदट होतो.

चौकटी होईपर्यंत चाचणी म्हणून तिथे धनगरी घोंगडी चौघडी करून टांगा, आणि समोर टाइल्सवर जाड लोकरी जेन पसरा. टर्रर आणि टोचणं दोन्ही कमी झालं तर स्पीकरला हात लावायचं कारण नाही.

तरीही टोचत असेल तर स्पीकर बदलायचा विचार रास्त. घरी आणून दोन दिवस ऐकू देणाऱ्याकडूनच घ्या, दुकानातली खोली तुमची नाही. तुलना करताना दोन्ही जोड्या त्याच स्टँडवर, त्याच जागी ठेवा आणि पातळी जुळवा. अर्ध्या डीबीने मोठा वाजणारा स्पीकर नेहमी "जास्त खुलतो" असं वाटतं. मोबाइलवर डीबी दाखवणारं ॲप गादीवर ठेवून, दोन्ही जोड्यांना तोच गुलाबी नॉइज (पिंक नॉइज, सगळे स्वर असलेला चाचणीचा सळसळता आवाज) लावून आकडा सारखा करा. मोबाइलचा आकडा खरा नसला तरी तुलनेला चालतो. मग कुठली जोडी लागली आहे हे न बघता ऐका, वायर दुसऱ्याने बदलायची. विलंबित ख्याल, संवादिनीची साथ असलेलं नाट्यगीत आणि नुसता तानपुरा, या तिन्हींवर प्रत्येकी दहा मिनिटं.

५ ते साडेसहा इंची वूफर, ८६ डीबीच्या वर, ८ ओहम, आणि ५५-६० हर्ट्झपर्यंत उतरणारा हवा. काळी एकचा खर्ज ६९ हर्ट्झला संपतो, त्यामुळे ख्यालासाठी सबवूफर लागत नाही. या खोलीत तर तो ३५ आणि ५१ चे साठे जागे करेल आणि शेजारच्यांची झोप मोडेल.

उद्यमबाग_रिपेर

रिले बदलायला देताना मेकॅनिकला दोन्ही चॅनलचा बायसही (गाणं नसताना ट्रान्झिस्टरमधून वाहणारा प्रवाह) मोजायला सांगा, ॲम्प उघडलेलाच असतोय. आणि आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घेताना हलक्यातला हलका घेऊ नका. छोट्या गाभ्याचा असेल तर घरघर जाते, खरं १०० हर्ट्झच्या खालचं पातळ होतंय, म्हणजे आत्ता मोकळा झालेला खर्ज पुन्हा हातचा जाईल. लावल्यावर तानपुरा लावूनच तपासा.